कुंदाताईनं हात वर केला

कुंदाताई,

तू गेलीस त्या दिवशी दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. 'शांत, मितभाषी आणि सोज्वळ स्वभावाच्या कुंदाताई आज आपल्यात राहिल्या नाहीत.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी खाली लिहिलं, 'कोण मितभाषी?' लगेच दोघींचे वेगळे मेसेज आले, की अनघा, आत्ता तरी असं नको गं लिहूस.

आत्ता नाही तर कधी लिहू?

मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून निघून कॅन्टीनमध्ये गेले. तिथे मारिसेल बसली होती. डोळे सुजलेले, समोर गार झालेला चहा. तुझ्यासोबत ती किती वर्षं त्याच वॉर्डात नर्स होती, ते तुला काय सांगायचं. ती म्हणाली, तुमच्या लोकांनी काय लिहिलंय ते वाच. मी इंग्रजी करून सांगितलं. 'क्वाएट' शब्दाला ती थांबली.

"हू?" तिनं इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारच्या टेबलावरचे दोन ज्युनिअर डॉक्टर वळून बघायला लागले. "आते कुंदा? क्वाएट?"

आणि मग आम्ही दोघी हसलो. तू गेल्याला चार तास झाले नव्हते आणि आम्ही हसत होतो. तुला आवडलं असतं.

म्हणून हे लिहायला बसले. जन्म कुठला, नोकरी कुठे आणि किती वर्षं, ते सगळं मंडळानं व्यवस्थित दिलंय, तारखांसकट. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला एवढंच बघायचं आहे, की तुला कुणी गुळगुळीत करून फ्रेममध्ये बसवू नये. आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय, तेही आहेच.

आपली ओळख झाली तेव्हा मी लीड्सला नवीन होते. पुण्याहून थेट इथे आलेली, थंडीनं वैतागलेली. एका पेशंटच्या औषधांबद्दल विचारायला तुझ्या वॉर्डवर फोन केला आणि नावावरून तू मराठी ओळखलंस. "आपण कोथरूडच्या का?" असं विचारलंस. इतकं नेटकं, तोलून मापून बोललेलं मराठी मी कोथरूडमध्येही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, ही प्राध्यापकांच्या घरातली असणार. तू आर्वीची आहेस, वर्ध्याजवळची, हे मला कळायला वर्ष लागलं. तेही तुझ्याकडून नाही, ईशाकडून. तुझ्या लेकीनं सहज सांगितलं, की आजीशी फोनवर बोलताना आई वेगळंच काहीतरी बोलते, दार लावून.

दार लावून, कुंदाताई! लीड्समधल्या तुझ्या स्वतःच्या घरात, जिथे तुम्हा दोघींशिवाय तिसरं माणूस नव्हतं.

त्यामागची गोष्ट तू मला नंतर सांगितलीस, त्या कॉन्सर्टनंतर. इथे आल्यावरच्या पहिल्याच गणपतीत तू कुणाला तरी म्हणालीस, "मले थोडा प्रसाद द्या." बायका हसल्या. वाईट नव्हत्या त्या, तू स्वतःच म्हणालीस. एकीनं लाडानं तुझा हात धरला, पोरांना गोळा केलं आणि म्हणाली, "कुंदा, परत म्हण ना, मुलांना ऐकू दे." तू परत म्हणालीस. पोरं हसली, तुझी नक्कल करायला लागली. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. घरी गेलीस आणि त्या दिवसापासून तू जिभेवर कानस चालवलीस. बातम्या लावून निवेदिकांची मराठी घोटलीस. "न" आणि "ण" आरशासमोर म्हणायचीस.

आणि मग एका रविवारी मारिसेलकडे दोन जादाची तिकिटं निघाली.

तिच्या बहिणीला आणि मेव्हण्याला ऐनवेळी ड्यूटी लागली होती. फिलिपिन्सहून रॅप करणारे लोक आले होते, लीड्समध्ये एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. दुपारी तीनला. हिप हॉपचा कार्यक्रम दुपारी तीनला कसा, असं मी विचारलं तर मारिसेल म्हणाली, "अर्ध्या पब्लिकची नाइट शिफ्ट असते. आठला कोण येणार?" तू लगेच हो म्हणालीस. मी नाही म्हणाले. मला तो ढणढणाट सहन होत नाही, हे तुला माहीत होतं. तू म्हणालीस, "अनघा, आपण जाऊन येऊ. तिला वाईट वाटेल." तेव्हा तू अजून अशी बोलायचीस, स्वच्छ, इस्त्री केलेली.

मी कानात घालायला कापूस घेतला. तू नेव्ही कार्डिगन घातलंस आणि पर्स खांद्यातून आडवी अडकवलीस, जणू आपण कौन्सिलच्या ऑफिसात चाललोय. आत गेलो तर काय गर्दी! कोटाखालून युनिफॉर्म दिसणाऱ्या नर्सेस, केअर होममधल्या मुली, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, वॉकर धरून उभी असलेली एक आजी. मागे टेबलावर तळलेले लुंपिया मिळत होते, खिमा भरलेल्या सुरळ्या. तू तीन खाल्लेस आणि चौथा टिश्यूत बांधून पर्समध्ये टाकलास. मारिसेल सगळ्यांना तुझी ओळख करून देत होती, "धिस इज आते कुंदा." आते म्हणजे त्यांच्यात ताई. तू माझ्या कानाशी येऊन पुटपुटलीस, "मी हिची आत्या कधी झाले?"

पहिली दोन मुलं मनिलाची होती. त्यांची गाणी सगळ्यांना पाठ. हॉल नुसता उसळत होता. बेस छातीत असा आदळत होता की कापसाचा काही उपयोग नव्हता. तू मान हलवत होतीस, पण पाहुण्यासारखी.

मग ती आली. बुटकी, गुडघ्यापर्यंत पोचणारी बास्केटबॉलची जर्सी, केस डोक्यावर घट्ट बांधलेले. तिनं सुरुवात केली आणि मारिसेलनं माझा दंड इतका घट्ट पकडला की वळ उठला. "बिसाया!" ती ओरडली. "शी इज डूइंग इट इन बिसाया!" मारिसेल बोहोल बेटावरची. बिसाया तिची घरची भाषा. इतकी वर्षं तुमच्या वॉर्डावर बाकीच्या फिलिपिनो नर्सेसशी ती टागालोगमध्येच बोलायची, हे मला तेव्हा कळलं. राजधानीची भाषा ती. सगळ्यांना चालते.

एक गाणं झालं. दुसरं सुरू झालं. मागच्या बाजूनं काही पोरं ओरडायला लागली, "टागालोग! टागालोग!" थट्टेनंच. एकानं तिच्या हेलाची नक्कल केली आणि आजूबाजूचे हसले.

तिनं हात वर केला. बीट बंद झाला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणाच्या तरी बाळाचं रडणं ऐकू येऊ लागलं.

ती चिडली नाही. माइक जवळ घेऊन सावकाश बोलली, आणि मारिसेल आपल्या दोघींच्या मध्ये तोंड घालून इंग्रजीत सांगत होती. ती म्हणाली, 'मनिलात मला सांगितलं, या भाषेत रॅप करू नको, टीव्हीवर मोलकरीण अशी बोलते. खरंय. माझी आई मोलकरीणच आहे. दुसऱ्यांच्या घरी राबून तिनं मला वाढवलं. ती फार छान बोलते. तुम्हाला समजत नसेल तर दोष तिचा नाही.' मग विचारलं, 'इथे बिसाया कोण आहे?'

इकडे तिकडे थोडे हात वर झाले. मारिसेलचा झाला. आणि माझ्या डाव्या हाताला, नेव्ही कार्डिगनमधला एक हात सरळ वर गेला.

मी म्हटलं, "कुंदाताई, तुला नाही विचारलं."

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तुझे डोळे भरले होते आणि जबडा आवळलेला. स्टेजवरची ती पोरगी म्हणाली, "बिसाया को!" म्हणजे मी बिसाया आहे. हातवाले सगळे ओरडले, "बिसाया को!" आणि तू ओरडलीस. पर्स सांभाळत, टाचा उचलून, घसा फाटेपर्यंत. पुढचा एक माणूस वळून बघायला लागला, की ही इंडियन बाई कुठल्या बेटावरची. मग त्यानं तुला टाळी दिली.

त्यानंतर ती जे काही गायली त्यातला एक शब्द आपल्याला कळला नाही आणि तू सगळं ऐकलंस.

येताना गाडी मी चालवत होते. रिंग रोडला लागलो. मग म्हणालीस, "अनघे, मले भूक लागून रायली."

मी म्हटलं, "काय?"

"भूक लागली मले. आयकू नाई आलं का?"

"असं का बोलतेयस?"

"अशीच बोलतो मी. आता बोलून रायली."

आणि पर्समधून लुंपिया काढून खाल्लास. मला विचारलंही नाहीस.

त्या दिवसानंतर तू मागे गेली नाहीस. मला वाटलं होतं, आठवडाभर टिकेल हे. तू मंडळाच्या मीटिंगमध्ये तशीच बोललीस, प्रधानकाकांशी फोनवर तशीच बोललीस. ते अध्यक्ष, त्यांना आधी वाटलं तू गंमत करतेयस. ईशा आनंदानं वेडी झाली. म्हणाली, "आई, यू साउंड लाइक आजी!" आणि मी वैतागले. मी ते लपवणार नाही, आणि त्याची माफीही मागणार नाही, कारण मला जे वाटत होतं ते मी तुझ्या तोंडावर सांगितलं.

मी म्हटलं, "तू तीस वर्षं असं बोलली नाहीस. आता एक कॉन्सर्ट बघून बोलायला लागलीस, हे नाटक नाही का?"

तू म्हणालीस, "नाटक आधी व्हतं. ते बंद केलं."

मी म्हटलं, मी दर रविवारी इथल्या मुलांना मराठी शिकवते. कोल्हापूरच्या आईबापांची, नाशिकची, नांदेडची, सगळ्यांची मुलं एका वर्गात. त्यांना जोडायला एक सामाईक मराठी लागते. प्रमाण मराठी.

"कोनाच्या घरचं प्रमाण?"

"कुणाच्याच घरचं नाही. सगळ्यांनी मान्य केलेलं."

"आमाले कोनी इचारलं व्हतं?" आणि मग चहाचा घोट घेऊन, एकदम शांतपणे, "असं कर. एक साल माही शिकव. सामाईक म्हून."

  तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. सामाईक भाषा लागतेच, कुंदाताई. ती नसती तर तू आणि मी त्या फोनवर बोललोच नसतो. हे मी तुला व्हॉइस नोटमध्ये सांगितलं होतं, आणि तुझी उत्तराची व्हॉइस नोट आली होती, साडेचार मिनिटांची, मागे कुकरच्या शिट्ट्या. ती अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात तू मला एका ठिकाणी 'येडी' म्हटलंयस.

हॉस्पिटलमध्ये त्याच सुमारास तुमच्या वॉर्डाच्या स्टाफरूममध्ये एक कागद लागला. ब्रेकमध्येसुद्धा फक्त इंग्रजी बोलावं, इतरांना वगळल्यासारखं वाटतं. मारिसेल चिडली होती. तू तिला म्हणालीस, रागावू नको, जेवायला चल. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दोघी कॅन्टीनच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशा टेबलावर समोरासमोर बसायला लागलात. ती बिसायात बोलायची, तू वऱ्हाडीत. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. हातवारे, हसणं, मध्येच टेबलावर थाप. मी एकदा डबा घेऊन आले आणि ऐकत बसले. ती बहुतेक सासूबद्दल सांगत होती आणि तू वांग्याच्या भाजीबद्दल. एक दिवस मॅनेजर बाई टेबलापाशी आली, तिनं हसून विचारलं, कसल्या गप्पा चालल्यात? तू तुझ्या स्वच्छ इंग्रजीत म्हणालीस, "लंच. वुड यू लाइक टु जॉइन अस?" ती खरंच बसली, तेवढं मात्र मानलं पाहिजे तिला. तो कागद कुणी कधी काढला कुणालाच कळलं नाही.

आणि मग तुला स्वतःलाच रॅप सुचायला लागलं.

तू ते लिहीत नव्हतीस. वॉर्डात राउंड घेताना पायांच्या ठेक्यावर जुळवायचीस आणि कॅन्टीनमध्ये आम्हाला म्हणून दाखवायचीस, मारिसेल डब्यावर ठेका धरायची. बेडपॅनवर एक होतं. 'तू मूळची कुठची?' असं दर शिफ्टला विचारणाऱ्या पेशंटवर एक होतं. मी हसले की तू थांबायचीस. "हासाचं कुठी ते मी सांगन," म्हणायचीस. गणपतीत तुला ते करायचं होतं. मी कमिटीला विचारलं. ते म्हणाले, छान, विनोदी कार्यक्रमात पाच मिनिटं देऊ. वऱ्हाडी म्हणजे धमाल. तू म्हणालीस, "मी जोक नाई करून रायली." मग त्यांनी कळवलं, की या वर्षी वेळेची फार ओढाताण आहे, पण नेहमीप्रमाणे आभारप्रदर्शन कुंदाताईंकडे.

नेहमीप्रमाणे. कारण आभारप्रदर्शनाच्या वेळी लोक चपला शोधत असतात.

तू बरं म्हणालीस. इतक्या सहज, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आरती झाली, जेवणं झाली. लीड्समधली ती शाळा, तिचा तो डायनिंग हॉल, मुलं पळतायत, बायका उरलेला भात डब्यात भरतायत. प्रधानकाका म्हणाले, "आता थोडक्यात आभार मानण्यासाठी कुंदाताई." तू स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आलीस. मागून मारिसेल, हातात रिकामा स्टीलचा डबा. तिला तू मुद्दाम जेवायला बोलावलं होतंस. तिनं डबा उलटा केला आणि ठेका सुरू झाला. लोकांना वाटलं, काहीतरी लहान मुलांचं आहे. आणि तू सुरू केलंस:

आभार मानाचे हायेत, म्हून मले बलावलं,
नाईतं मले मंडळानं सैपाकातच चालवलं.
पोया लाटाले कुंदा, ताटं वाढाले कुंदा,
बोलाची बारी आली का, 'आवरतं घे गं कुंदा!'
आवरत नाई मी आज, मले लंबं बोलू द्या बाई,
माह्या मायची बोली हाये, मले कोनाची लाज नाई!

आणि मग तू खरोखर आभार मानलेस. त्याच ठेक्यावर, एकेकाचं नाव घेऊन. भांडी घासणाऱ्यांचे, टॉयलेटं साफ करणाऱ्यांचे, आठवडाभर मोदक वळून आजच्या फोटोत नसलेल्या बाईचे. व्यासपीठावर बसलेल्यांचेही मानलेस, 'बसून बसून ज्याईचं आंग दुखलं' त्यांचे. चपला शोधणारे लोक एका पायात चप्पल घालून उभे राहिले.

तू थांबलीस तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. मी तुझ्याकडे बघत होते. तुझा हात कार्डिगनच्या खालच्या बटणाशी चाळा करत होता, तेवढाच काय तो तुझा घाबरलेला भाग. प्रधानकाकांनी माइक घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "होऊ दे बावा! आनखी होऊ दे!"

डॉ. काळमेघ. ऑर्थोपेडिकचे कन्सल्टंट, थ्री-पीस सूट, मराठीतसुद्धा इंग्रजी हेल काढणारे. कित्येक वर्षं मंडळात येत होते आणि ते अकोल्याचे आहेत हे एकालाही माहीत नव्हतं. त्यांची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मग स्वयंपाकघराच्या दारातून एक जण ओरडली, मग सोलापूरची शैला तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, मग मालवणचा एक जण. हॉल रिकामा करायला केअरटेकर आला तेव्हा लोक एकमेकांना आपापल्या गावचे शब्द सांगत उभे होते. तू मात्र परत जाऊन कढई घासायला घेतलीस. मी टॉवेल घेऊन तुझ्या शेजारी उभी राहिले. तू विचारलंस, "कसं झालं?" मी म्हटलं, "दुसऱ्या कडव्यात वजन चुकलं." तू कोपर मारलंस मला.

मी खरं ते सांगायला हवं होतं. ते सांगायचं राहिलं. माझ्या अंगावर काटा आला होता.

पोटात दुखतंय, असं तू त्यानंतरच्या वसंतात म्हणालीस. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. तरुण रजिस्ट्रार डॉक्टर तुला आकडे सांगायला लागला तर तू त्याला थांबवलंस. मी इतकी वर्षं नर्स आहे बाळा, मला आकडे माहीत आहेत, तू मला दुखणार किती ते सांग. त्यानं सांगितलं. नीट सांगितलं. चांगला होता तो मुलगा.

तुला स्वतःच्याच हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं. पलंगाच्या डोक्याशी पेशंटची माहिती लिहायचा पांढरा बोर्ड असतो. त्यावर भाषेपुढे नर्सनं 'इंग्लिश' लिहिलं होतं. तू मारिसेलला ते पुसायला लावलंस आणि तिथे 'वऱ्हाडी' लिहून घेतलंस. झालं. सकाळी कुणीतरी मन लावून इंटरप्रिटर शोधायला लागलं. फोनवरून तीनदा स्पेलिंग विचारलं. शेवटी कन्सल्टंट काळजीनं तुझ्यापाशी येऊन म्हणाली, सॉरी, या भाषेचा इंटरप्रिटर मिळत नाहीये, काय करू या? तू इंग्रजीत म्हणालीस, "आय डोन्ट नीड वन. आय जस्ट वॉन्ट इट रिटन." ती बोर्डाकडे वळली. मग तिनं ती अक्षरं गडद मार्करनं पुन्हा गिरवली.

मी रोज संध्याकाळी यायचे. एकदा तू म्हणालीस, "अनघे, एक वाक्य माह्या बोलीत बोल. एकच."

मी म्हटलं, "नाही. माझ्या तोंडी ती नक्कल होईल. तुझी नक्कल करणारे खूप झाले."

तू डोळे मिटून पडून होतीस. "नक्कल करता करता येते," म्हणालीस.

"मला नाही पटत."

"मले मालूम हाये तुले नाई पटत. म्हून तं तुले बलावतो रोज."

हे आपलं शेवटचं भांडण. मी बोलले नाही तुझ्या बोलीत, आणि आजही बोलणार नाही. तू गणपतीतल्या त्या पोरांनी केलेली नक्कल विसरली नव्हतीस, मीही विसरणार नाही. पण तू जे शेवटचं वाक्य म्हणालीस, ते मी रोज स्वतःशी तुझ्याच आवाजात ऐकते. ज्याला आपलं पटत नाही असं माणूस रोज जवळ बोलावून घ्यायला केवढी मोठी छाती लागते! माझ्याकडे ती नाही. तुझ्याकडून थोडी आली असेल तर बघायचं.

क्रिमेटोरियमचा हॉल भरला होता. एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला फिलिपिनो नर्सेस, काही जणी शिफ्टवरून तशाच आलेल्या. गुरुजींचं झालं, मग ईशा बोलायला उभी राहिली. तुला माहीत आहे, ईशा मंडळात कधी मराठी बोलायची नाही. समजायचं सगळं, पण कुणी विचारलं की इंग्रजीत उत्तर. लहानपणी कुणीतरी हसलं असेल. आपण कधी विचारलं नाही.

ती म्हणाली, "माझा आई..."

पहिल्या रांगेतून प्रधानकाका हळूच, अगदी प्रेमानं म्हणाले, "माझी."

ईशा थांबली. तिनं काकांकडे बघितलं. मला वाटलं, आता ही इंग्रजीवर जाणार आणि कधी परत येणार नाही.

"काका," ती म्हणाली, "मला माहीत आहे मिस्टेक होतो. पण मी अशीच बोलणार आहे. नाहीतर मी बोलणारच नाही, आणि आईला ते चालणार नाही."

आणि ती बोलली. लिंग चुकत, विभक्ती गाळत, मध्येच इंग्रजी घालत. "माझा आई माझ्या केस विंचरायची आणि रॅप करायची. तिचा आवाज खूप मोठी होती. लास्ट वीक तिला बोलायला त्रास व्हायची तर ती बोटानी बेडवर ठेका द्यायची. मी तो ठेका ऐकत झोपले." मारिसेलला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती हमसून रडत होती. काकांनी मान खाली घातली होती. मी शुद्धलेखनाची माणूस, लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा लाल पेनानं तपासते. मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

बाहेर चहाच्या वेळी काका माझ्यापाशी आले. खरोखरच हलले होते ते. म्हणाले, "पोरगी काय बोलली! आता तुमच्या रविवारच्या वर्गात घ्या तिला. वर्षभरात भाषा सुधारेल."

मी म्हटलं, "घेते. शिकायला नाही. शिकवायला."

त्यांनी कप खाली ठेवला. "पण तिचं व्याकरण?"

"व्याकरण मी बघते. तोंड ती उघडेल."

काल पहिला रविवार झाला. ईशा आली. माझ्या वर्गातली मुलं कशी असतात तुला ठाऊक आहे. विचारलं की जमिनीकडे बघतात, चुकायच्या भीतीनं. ईशानं त्यांना सांगितलं, की आज प्रत्येकानं घरातल्या कुणाची तरी तक्रार करायची, मराठीत, आणि मोठ्यानं.  मग नऊ वर्षांची तन्वी उभी राहिली आणि म्हणाली, "माझी बाबा मला खूप ओरडली, कारण की मी त्याची फोन पाण्यात टाकला!" पाण्यातल्या फोनवर सगळा वर्ग खो खो हसला. मग एकेकाचे हात वर व्हायला लागले. इतका गोंगाट झाला की शेजारच्या खोलीतली योगावाली बाई दारात आली आणि तिनं विचारलं, जरा हळू बोलता येईल का? मी म्हटलं, नाही. अजून अर्धा तास तरी नाही.

आणि कुंदाताई, तन्वीचं वाक्य मी दुरुस्त केलं. 'माझे बाबा', 'ओरडले', 'त्यांचा फोन'. करणारच. ते माझं काम आहे आणि ते मी सोडणार नाही, तुला कितीही राग आला तरी. पण तिचं सगळं बोलून झाल्यावर केलं. ती खाली बसल्यावर, सगळ्यांचं हसून, तिला टाळ्या देऊन झाल्यावर, जवळ जाऊन, तिच्या एकटीच्या कानात.

तिनं ऐकलं. मान डोलावली. आणि पुन्हा उभी राहून, आधीपेक्षा मोठ्यानं, आईची तक्रार सुरू केली.